स्पर्शावाचून घडणारा धातू

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे गाव जितके कापसासाठी, तितकेच चांदीसाठीही प्रसिद्ध आहे. रजतनगरी असे बिरुदच त्यास लाभले आहे. तेथील कारागिराच्या हातून चांदीचे निरांजन घडताना पाहिले म्हणजे धातूला आकार देण्याची सारी विद्या तीन साधनांत सामावली आहे असे वाटू लागते. भट्टीतील अग्नी धातूस मऊ करतो, हातोडी त्यास आकार देते आणि ओपणी त्याचा खडबडीतपणा मोडून त्यावर झळाळी आणते. मनुष्याने धातू प्रथम हाती घेतला तेव्हापासून हीच साधने थोड्याफार फरकाने चालत आली आहेत. तिन्हींचा धर्मही एकच. धातूस प्रत्यक्ष भिडल्यावाचून त्यांना काहीही करता येत नाही.

या तिन्हींखेरीज एक चौथे साधनही सृष्टीत आहे आणि त्याची रीत अगदी निराळी आहे. ते धातूस शिवत नाही. निर्वात पोकळीतून ते आपले काम करते आणि तेही इतक्या बारकाईने की, धातूच्या पृष्ठभागावरून एकेक अणू निवडून काढावा. कधी ते ओपणीप्रमाणे उंचवटे घालवून पृष्ठभाग नितळ करते, तर कधी सपाट धातूतून सुईसारखे टोक उभे करते. हे साधन म्हणजे प्रबल विद्युत्क्षेत्र होय. विद्युत्भारित वस्तूच्या भोवती ज्या प्रदेशात तिची ओढ किंवा रेटा जाणवतो, त्यास विद्युत्क्षेत्र म्हणतात. या अदृश्य हातोडीची ओळख मनुष्यास कशी पटली, तिच्याच साहाय्याने अणू प्रथम डोळ्यांस कसा दिसला, आणि आज मोठमोठ्या यंत्रांच्या वाटेत ती आडवी कशी येत आहे, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

या इतिहासाचा आरंभ धातूपासून होत नाही. तो पाण्याच्या एका थेंबापासून होतो. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने लोहचुंबकावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. त्यात त्याने असे नमूद केले आहे की, कोरड्या पृष्ठावर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबाजवळ घासलेला अंबर नेला असता थेंब आपला गोल आकार सोडून अंबराच्या दिशेने शंकूसारखा उभा राहतो. वीज पदार्थाचा आकार बदलू शकते, या गोष्टीची ही पहिली नोंद म्हणावयास हरकत नाही. या शंकूचे गणित मात्र फार उशिरा उलगडले. १९६४ मध्ये सर जेफ्री टेलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, द्रवाचा पृष्ठताण आणि विजेची ओढ यांचा तोल साधतो तेव्हा शंकूच्या अक्षापासून बाजूपर्यंतचा कोन ४९.३ अंशांचा असतो. पृष्ठताण थेंबास गोल ठेवू पाहतो आणि वीज त्यास टोकदार करू पाहते. हे द्वंद्व श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व कथा याच द्वंद्वाची आहे.

अठराव्या शतकात अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने टोकांचे माहात्म्य ओळखले. भारित वस्तूजवळ बोथट गोळा नेला तर ठिणगी उडते, पण अणकुचीदार सुई नेली तर वस्तूवरील भार निमूटपणे निघून जातो, हे त्याने पाहिले. उंच इमारतींच्या माथ्यावर बसविलेला वीजवाहक हे त्याच निरीक्षणाचे फळ आहे. टोकालाच असे महत्त्व का यावे? मृगाच्या दिवसांत राजूर घाटाच्या माथ्यावर एकटे उभे असलेले झाड पाहावे. दरीतल्या दाट झाडीला न लागणारा वारा त्याला चारी बाजूंनी झोंबत असतो. धातूवरील विद्युत्भारही एकमेकांना दूर ढकलीत ढकलीत टोकाशी येऊन दाटतात आणि तेथील विद्युत्क्षेत्र इतर भागांपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. टोक जितके बारीक, तितके क्षेत्र प्रबळ, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

हवेत या क्षेत्राला मर्यादा आहे. मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की हवाच फुटते आणि ठिणगी पडते. म्हणून धातूची खरी परीक्षा पाहावयाची तर हवा काढून टाकलेल्या नळीत पाहिली पाहिजे. १८९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने अशा निर्वात नळीत प्लॅटिनमच्या दोन विद्युदग्रांत फार थोडे अंतर ठेवून वीज सोडली, तेव्हा थंड धातूतूनच विद्युत्स्राव बाहेर पडू लागल्याचे त्यास आढळले. त्याच वर्षी जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध प्रसिद्ध केला. थंड धातूतून बाहेर येत होते ते हेच इलेक्ट्रॉन, हा उलगडा पुढे झाला.

परंतु एक कोडे राहिले. धातू तापविला तर त्यातील इलेक्ट्रॉन उकळत्या पाण्याच्या वाफेप्रमाणे बाहेर पडतील, हे समजण्यासारखे आहे. थंड धातूतील इलेक्ट्रॉनांभोवती मात्र उंच तट असतो. तो चढून जाण्याइतकी शक्ती त्यांच्या अंगी नसते. मग ते बाहेर येतात कसे? या प्रश्नाचे उत्तर १९२८ मध्ये केंब्रिज येथील राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम या दोघांनी नव्या क्वांटम यामिकीच्या आधारे दिले. बाहेरील विद्युत्क्षेत्र प्रबळ झाले म्हणजे तटाची जाडी कमी होत जाते. एका मीटरचे १०० कोटी भाग करून त्यातील एक घेतला तर त्यास नॅनोमीटर म्हणतात. तट एवढा पातळ झाला की इलेक्ट्रॉन तो ओलांडीत नाही, तो त्यातून आरपार निघून जातो. त्यासाठी मीटरमागे ३०० ते ५०० कोटी व्होल्ट इतके क्षेत्र लागते. हा आकडा ऐकून कोणासही भोवळ यावी. पण सुईचे टोक पुरेसे बारीक असेल तर काही हजार व्होल्टांतच हे क्षेत्र मिळते. फ्रँकलिनच्या टोकाचा महिमा तो हाच.

येथून पुढच्या इतिहासाचा नायक एर्विन म्यूलर हा आहे. १९११ मध्ये बर्लिन येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक अजब सूक्ष्मदर्शक तयार केला. त्यास भिंग नव्हते. निर्वात काचपात्रात टंगस्टनची एक अतिशय बारीक सुई आणि तिच्यासमोर चकाकणाऱ्या लेपाचा पडदा, एवढाच त्याचा सरंजाम. सुईस ऋण भार दिला की तिच्या अर्धगोल टोकातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि सरळ रेषांत पसरत पडद्यावर आदळतात. टोकावरचे चित्र पडद्यावर आपोआप लाखो पटींनी मोठे होऊन उमटते. विजेच्या दिव्यातील तार ज्या टंगस्टनची असते त्याच धातूच्या स्फटिकाच्या पाकळ्या या पडद्यावर उजेड आणि सावली यांच्या रूपाने मांडलेल्या दिसू लागल्या.

या सूक्ष्मदर्शकाने जे प्रथम दाखविले त्यात एक गोष्ट विशेष होती. सुईचे टोक स्थिर नव्हते. सुई नुसती तापविली तर टोक हळूहळू बोथट होई. धातू घन असला तरी त्याच्या पृष्ठावरील अणू उष्णतेने हिंडू लागतात आणि पृष्ठताण त्यांना पाण्याच्या थेंबाप्रमाणेच गोलाईकडे नेतो. परंतु सुई तापलेली असतानाच तिच्यावर प्रबळ विद्युत्क्षेत्र लावले, तर उलट घडे. अणू बोथट भागाकडून क्षेत्र जेथे अधिक आहे त्या भागाकडे चालू लागत, आणि गोल टोकावर कंगोरे व कोपरे उभे राहत. गिल्बर्टच्या थेंबातले द्वंद्व घन धातूतही चालू असल्याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होते. पुढे अमेरिकेत ओरेगॉन प्रांतातील लिनफील्ड महाविद्यालयात वॉल्टर डाइक आणि त्यांचे सहकारी यांनी या तोलाची मोजमापे केली. टोकाची त्रिज्या १०० नॅनोमीटर असेल तर मीटरमागे सुमारे ३५० कोटी व्होल्टांचे क्षेत्र पृष्ठताणाची बरोबरी करते. क्षेत्र त्याहून कमी असेल तर टोक बोथट होत जाते; अधिक असेल तर ते तीक्ष्ण होऊ लागते.

म्यूलर यांच्या मनात मात्र याहून मोठी आकांक्षा होती. त्यांना अणू पाहावयाचा होता. आज या इच्छेचे महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्न्स्ट माखसारखा थोर शास्त्रज्ञ, जो कधी दिसला नाही तो अणू खरा मानावयास तयार नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक प्रयोगांनी अणूचे अस्तित्व सिद्ध झाले, परंतु ती सिद्धी अनुमानाची होती. धूर पाहून अग्नी आहे असे म्हणावे तशी. प्रत्यक्ष प्रमाण अद्याप कोणास लाभले नव्हते. म्यूलर यांच्या पहिल्या सूक्ष्मदर्शकास दोन नॅनोमीटरांहून बारीक तपशील दिसत नसे, कारण इलेक्ट्रॉन सरळ वाटेने न जाता थोडे इकडेतिकडे विखुरतात आणि चित्र पुसट होते. टंगस्टनचा अणू तर पाव नॅनोमीटरहून किंचित मोठा.

यातून त्यांनी काढलेली वाट फार चतुराईची होती. त्यांनी वीज उलटी केली. १९४१ मध्ये त्यांना असे आढळून आले होते की, सुईस धन भार देऊन क्षेत्र पुरेसे वाढविले तर टोकावर चिकटलेले परके अणू उपटून निघतात. महायुद्धाची धामधूम ओसरल्यावर १९५१ मध्ये त्यांनी नवा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यात पडद्यावर इलेक्ट्रॉनांऐवजी वायूचे आयन आदळत होते. काचपात्रात किंचित वायू सोडावयाचा. वायूचा अणू सुईच्या टोकाजवळ आला की प्रबळ क्षेत्र त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेते. उरलेला धन आयन टोकापासून दूर फेकला जातो आणि पडद्यावर ठिपका उमटवतो. टोकावर जेथे अणू थोडा वर आलेला असेल तेथे क्षेत्र अधिक, म्हणून तेथे आयनही अधिक. अर्थात धातूच्या प्रत्येक उठलेल्या अणूमागे एक तेजस्वी ठिपका मिळावयास हवा.

परंतु ठिपके स्पष्ट होईनात. १९५२ मध्ये म्यूलर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गेले. तेथे डॉक्टरेटसाठी त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत कंवर बहादूर नावाचा एक भारतीय विद्यार्थी होता. अडचणी दोन होत्या. वायूचे अणू उष्णतेमुळे आडवे धावत असल्याने ठिपका पसरत होता, आणि सुईचे टोक अणूंच्या मापाने पाहता ओबडधोबड होते. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणून सुई द्रवरूप नायट्रोजनने शून्याखाली १९६ अंशांपर्यंत थंड करण्यात आली, आणि वायू म्हणून हेलियम योजला गेला. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय खुद्द विद्युत्क्षेत्रानेच केला, आणि या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट ती हीच.

क्षेत्र फार वाढविले म्हणजे परके अणूच काय, सुईच्या धातूचे स्वतःचे अणूही आयन होऊन उडून जाऊ लागतात. यास क्षेत्र-बाष्पीभवन म्हणतात. यात उष्णतेची गरज जवळजवळ नसते. कडाक्याच्या थंडीतही टंगस्टनसारखा, वितळण्यास ३,४०० अंशांहून अधिक तापमान लागणारा धातू थरामागून थर सोडू लागतो. कोणता अणू आधी जातो? जो कोपऱ्यावर किंवा कडेवर असतो तो. त्यास धरून ठेवणारे शेजारी थोडे असतात आणि त्याच्यावर विजेची ओढ सर्वांहून अधिक असते. तो गेला की त्याच्यामागचा उघडा पडतो आणि त्याची पाळी येते. अशा रीतीने जे जे उंच, ते ते आधी खुडले जाते, आणि शेवटी उरतो तो अणूंच्या मापाने नितळ असा अर्धगोल. खामगावचा कारागीर ओपणी फिरवून जे करतो तेच हे क्षेत्र करते. ओपणी उंचवटे दाबून बसवते, क्षेत्र ते एकेक अणू करून उचलते, एवढाच काय तो भेद.

११ ऑक्टोबर १९५५ रोजी म्यूलर आणि बहादूर यांच्या पडद्यावर टंगस्टनचे अणू सुटे सुटे, ओळीने मांडलेले दिसले. डोंगरउतारावर बांध घातलेली शेते दुरून जशी एकात एक वर्तुळे करून दिसतात, तशा स्फटिकाच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या कडेवर ठिपक्यांची माळ. त्यातील एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू. मनुष्याच्या डोळ्याने धातूचा अणू आपल्या जागी बसलेला पाहिला तो असा. पुढील वर्षी या दोघांच्या नावे त्याविषयीचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अणू पाहणाऱ्या पहिल्या दोन व्यक्तींपैकी एक भारतीय होती, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत जितकी ठळकपणे यावयास हवी तितकी आलेली नाही.

या प्रयोगातील आकडे मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. सुईच्या टोकाची त्रिज्या ५० नॅनोमीटर आणि दाब १०,००० व्होल्ट धरला तर टोकाशी मीटरमागे सुमारे ४,००० कोटी व्होल्टांचे क्षेत्र होते. हेलियमने उत्तम चित्र मिळावयास ४,४०० कोटी लागतात. टंगस्टनचे अणू निघू लागतात ते ५,७०० कोटींच्या आसपास. क्षेत्र धातूस बाहेरच्या बाजूस ओढते आणि हेलियमने उत्तम चित्र मिळते तेव्हा ती ओढ हवेच्या दाबाच्या सुमारे ८५,००० पट असते. म्हणजे ज्या क्षेत्रात चित्र मिळते त्याहून थोड्याच वरच्या क्षेत्रात धातू झडू लागतो. टंगस्टन या अरुंद पट्टीत टिकून राहतो म्हणून तो दिसला. चांदीचे अणू २,४०० कोटींच्या सुमारासच निघून जातात. खामगावच्या चांदीची सुई हेलियमच्या सूक्ष्मदर्शकात ठेवली असती तर चित्र उमटण्यापूर्वीच तिचे टोक झडून गेले असते. ज्या चांदीस हातोडी सहज नमविते तीच चांदी विद्युत्क्षेत्रापुढेही लवकर हार खाते, यात नवल नाही.

यानंतर म्यूलर यांनी हे झडणेच उपयोगात आणले. १९६७ मध्ये जॉन पॅनिट्झ आणि ब्रुक्स मॅक्लेन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी असे यंत्र केले की, चित्रातील एक ठिपका निवडावा, क्षणिक विद्युत्स्पंदाने तो अणू उडवावा आणि लक्ष्यापर्यंत पोहोचावयास त्यास लागलेल्या वेळावरून तो कोणत्या मूलद्रव्याचा हे ओळखावे. हलका अणू लवकर पोहोचतो, जड उशिरा. त्या यंत्राचे आजचे वंशज एकामागून एक कोट्यवधी अणू उडवून धातूच्या अंतरंगाचा घन नकाशा संगणकावर मांडतात. चेन्नईच्या आयआयटीत देशातील अनेक संस्थांच्या भागीदारीने असे एक यंत्र उभे राहिले आहे. म्यूलर १९७७ मध्ये निवर्तले.

क्षेत्राची ओपणी अशी हाती आली. परंतु त्याचा दुसरा स्वभाव, टोके उभी करण्याचा, अद्याप अणूच्या पातळीवर कोणी पाहिला नव्हता. तो १९७५ मध्ये म्यूलर यांच्याच परंपरेतील त्सोंग आणि केलॉग या दोघांनी दाखविला. टंगस्टनच्या सपाट फरशीवर त्यांनी टंगस्टनचाच एक सुटा अणू ठेवला. क्षेत्र नसताना थोडी उष्णता दिली तर असा अणू वाट चुकलेल्या माणसाप्रमाणे कधी इकडे कधी तिकडे उड्या मारीत राहतो. क्षेत्र लावल्यावर मात्र त्याच्या उड्यांना दिशा आली. फरशीच्या मध्याकडून तो कडेकडे, जेथे क्षेत्र अधिक प्रबळ होते तिकडे, जाऊ लागला. कारण असे की, क्षेत्रात अणूतील धन आणि ऋण भार किंचित विलग होतात आणि अशा ताणलेल्या अणूस जेथे क्षेत्र अधिक तेथे ओढले जाणे भाग पडते. घासलेल्या कंगव्याकडे कागदाचा कपटा धावतो त्यातलाच हा प्रकार. एक अणू टोकाकडे गेला की टोक किंचित वाढते, टोक वाढले की क्षेत्र वाढते, आणि क्षेत्र वाढले की आणखी अणू येतात.

एकच क्षेत्र, आणि त्याची दोन कामे परस्परांविरुद्ध! यातील मर्म असे आहे. धातू थंड आणि क्षेत्र अत्यंत प्रबळ असेल तर अणूस हिंडावयास शक्ती नसते. तो जागच्या जागी उपटला जातो आणि पृष्ठ नितळ होते. धातू उष्ण आणि क्षेत्र त्यामानाने मध्यम असेल तर अणू सुटून जात नाही, पण हिंडू शकतो. मग तो टोकाच्या वाटेस लागतो आणि पृष्ठ काटेरी होते.

महाराष्ट्रात या विद्येचे पीठ पुण्यास आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्षेत्र-उत्सर्जनाचा, म्हणजे थंड टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा, अभ्यास दीर्घकाळ चालत आला आहे. प्रा. दिलीप जोग आणि प्रा. महेंद्र मोरे यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. हे काम किती चिकाटीचे असते याची कल्पना बाहेरच्यास येणे कठीण. टंगस्टनची तार कॉस्टिकच्या द्रावात बुडवून वीज सोडावयाची; द्रावाच्या पृष्ठाशी ती कंबरेसारखी बारीक होत जाते आणि खालचा तुकडा गळून पडताच वर अणकुचीदार टोक उरते. मग काचेच्या किंवा पोलादाच्या पात्रातील हवा इतकी काढावयाची की वातावरणाच्या दाबाचा १०,००० कोटींवा भाग तेवढा उरावा. त्यानंतर कुठे पडद्यावर चित्र उमटते, आणि प्रवाह तासन्‌तास स्थिर राहतो की डगमगतो हे पाहत बसावयाचे.

प्रवाह डगमगतो याचे एक कारण टोकावरच्या अणूंची तीच ये-जा होय. म्हणून उत्तम टोक ते की जे कमी क्षेत्रात इलेक्ट्रॉन सोडील आणि आपला आकारही टिकवून धरील. २००६ मध्ये पुण्याच्या या गटाने इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांसह टंगस्टनच्या टोकावर लेसरच्या साहाय्याने लँथनम हेक्झाबोराइडचा घट्ट लेप बसवून त्याचे गुण तपासले. या पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढावयास टंगस्टनच्या मानाने बरीच कमी शक्ती लागते. दत्तात्रय लेट हे त्या निबंधाचे पहिले लेखक होते. जस्ताच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म सुया, कार्बनच्या नलिका अशा नव्या पदार्थांवरही त्याच प्रयोगशाळेत काम झाले. बर्लिनच्या म्यूलर यांनी मांडलेला सुई आणि पडदा यांचा खेळ पुण्यात असा मुरला आहे.

आता या हातोडीचे उपद्रवी रूप पाहावयाचे. जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेने इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत प्रचंड वेग देणाऱ्या एका यंत्राची योजना आखली आहे. तिचे नाव क्लिक. त्याच्या तांब्याच्या पोकळ्यांत मीटरमागे १० कोटी व्होल्टांचे क्षेत्र निर्माण करावयाचे आहे. क्षेत्र जितके अधिक, तितके यंत्र लांबीस कमी आणि खर्चासही कमी. परंतु एवढ्या क्षेत्रात निर्वात पोकळीतही अचानक ठिणगी पडते, तांब्याचा पृष्ठभाग क्षणार्धात वितळून खळगा पडतो आणि इलेक्ट्रॉनांचा झोत वाया जातो. असे प्रकार पोकळीच्या दर मीटरमागे एक कोटी स्पंदांत तीनांपेक्षा अधिक होता कामा नयेत, अशी या यंत्राची अट आहे.

ठिणगी का पडते? डाइक यांनी १९५३ च्या सुमारास दाखविले होते की, टोकातून इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की टोक तापून उडते आणि त्याच्या वाफेतून ठिणगी पेटते. तांब्याच्या पोकळीत तसेच होत असावे, असे मोजमापे सांगतात. प्रवाहावरून हिशेब केला तर काही ठिकाणी क्षेत्र मीटरमागे १,००० कोटी व्होल्टांच्या घरात, म्हणजे लावलेल्या क्षेत्राच्या शंभरपट, असावे असे दिसते. त्यासाठी पृष्ठावर बारीक सुया हव्यात. पण घासूनपुसून नितळ केलेल्या तांब्यावर ठिणगीपूर्वी सुया सापडत नाहीत, ही जुनी अडचण आहे. या ठिकाणी १९७५ च्या त्या हिंडणाऱ्या अणूची आठवण होते. फिनलंडमधील हेलसिंकी आणि एस्टोनियातील तार्तू या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर एकेका अणूची उडी मोजून २०२० मध्ये असे दाखविले की, टंगस्टनवरचा एखादा लहानसा उंचवटाही प्रबळ क्षेत्रात आणि पुरेशा उष्णतेत अणू गोळा करीत करीत सुईसारखा वाढू शकतो. सुई आधी नसते. क्षेत्रच ती घडविते आणि मग तिच्याच टोकातून स्वतःचा घात करून घेते. तांब्याच्या पोकळीतही हेच घडते काय, हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. त्याच्या उत्तरावर अशा यंत्रांचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे.

मौज अशी की, उपायही त्याच क्षेत्रात सापडतो. नव्या तांब्यास प्रथम सौम्य क्षेत्र लावून ते हळूहळू वाढवीत नेले, तर कालांतराने तो धातू पूर्वी सोसवत नसलेले क्षेत्र निमूटपणे सोसू लागतो. भट्टीतून काढलेल्या धातूस ठोकून ठोकून कणखर करावे, तसा हा संस्कार आहे. तो लाखो स्पंदांनी, मोठ्या धीराने करावा लागतो.

धातू म्हणजे निश्चल, निबर वस्तू, अशी सामान्य समजूत आहे. गिल्बर्टच्या थेंबापासून आजच्या तांब्याच्या पोकळीपर्यंत चार शतकांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. धातूचा पृष्ठभाग सदैव एका तोलात उभा असतो. एका बाजूस शेजारच्या अणूंची पकड आणि गोलाईची ओढ, दुसऱ्या बाजूस विजेची ओढ. तोल एका बाजूस झुकला तर अणूही दिसू शकेल इतका पृष्ठ नितळ होतो. दुसऱ्या बाजूस झुकला तर नितळ पृष्ठावर काटा उगवतो. खामगावच्या कारागिरास हातोडी किती जोराने आणि धातू किती तापला असता मारावी हे अनुभवाने कळते. चुकले तर पत्रा फाटतो. विद्युत्क्षेत्राची हातोडी हाती धरणाऱ्या शास्त्रज्ञासही नेमके तेच शिकावे लागले आहे, आणि ते शिकणे अद्याप पुरे झालेले नाही.